आरोपी सापडायच्या आधीची मदत

हल्ला झाल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मी एकच वाक्य इतक्या लोकांकडून ऐकलं, की ते कायद्यातच असणार असं मला वाटायला लागलं होतं. "आधी आरोपी सापडू दे, मग बाकीचं बघू." पोलीस ठाण्यात हेच, नातेवाइकांत हेच, कारखान्याच्या मालकांकडेही हेच. कायद्यात नेमकं याच्या उलट लिहिलेलं आहे : आरोपी सापडला नसला तरी पीडित व्यक्तीला सरकारकडून भरपाई मागता येते. सोलापुरात राहणाऱ्या माझ्यासारख्या बाईला ते कळायला जो वेळ लागला, तो दुसऱ्या कुणाला लागू नये म्हणून हे सगळं लिहून काढतेय.

२०२४ चं नवरात्र होतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या एका कारखान्यात मी हिशेबाचं काम करते. दिवाळीच्या ऑर्डरी सुरू होत्या, त्यामुळे निघायला उशीर झाला. रूपाभवानीला जाणाऱ्या बायकांनी पहाटे फुललेला रस्ता रात्री रिकामा असतो. रिक्षातून उतरून गल्लीत वळले आणि मागून मोटारसायकल हळू झाली. पर्सचा पट्टा माझ्या मनगटाला गुंडाळलेला होता, ओढूनही सुटेना, तेव्हा मागे बसलेल्या पोराने कोयता चालवला. उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला लागला. हल्ल्याबद्दल एवढंच पुरे.

आमच्या शेजारच्या अक्का आधी धावत आल्या. त्या विड्या वळतात, घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी सोलापुरी मराठी. त्यांनी हातातला धुतलेला टॉवेल जखमेवर दाबून धरला, माझा हात खांद्याच्या वर उचलून ठेवला आणि रिक्षात शेवटपर्यंत सोडला नाही. "काय बी होत नाही बघ, मी दाबून धरलेय, तू फक्त बोलत राहा." पुढे सर्जन म्हणाले, असं दाबून धरणं हेच त्या वेळी करायचं असतं.

पहिला एक खासगी दवाखाना लागला. दारातच सांगण्यात आलं, "ही पोलीस केस आहे, सिव्हिलला न्या." भाषा चांगली होती, पण दार उघडलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जखमी माणसाला तातडीचे उपचार आधी द्यायचे, पोलिसांचे सोपस्कार नंतर. हे वाक्य तोंडपाठ ठेवावं. त्या रात्री आमच्यापैकी कुणालाही ते माहीत नव्हतं, आणि तसंही त्या घडीला वाद घालण्याइतका वेळ कुणाकडे असतो? रिक्षावाल्याने विचारलं, "सिव्हिललाच घेऊ काय ओ?" आणि गाडी वळवली.

सिव्हिल म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. अपघात विभागातल्या डॉक्टर मॅडमनी रक्त थांबवता थांबवता प्रश्न विचारले. कशाने मारलं, किती जण होते, ओळखीचे होते का, किती वाजता. उत्तरं त्या लिहीत होत्या. याला सगळे एमएलसी म्हणतात, म्हणजे पोलीस केसची दवाखान्यात होणारी नोंद. त्या मॅडम म्हणाल्या, "जे घडलं ते सगळं सांगा, आणि जे पाहिलं नाही ते सांगू नका." त्या कागदावर रात्रीच "अज्ञात दोन इसम, धारदार हत्यार" असं लिहिलं गेलं, आणि पुढची सगळी कागदपत्रं त्या ओळीवर उभी राहिली.

जबाब दुसऱ्या दिवशी वॉर्डातच घेतला. आमच्या हद्दीच्या ठाण्यातून आलेल्या हवालदारांनी लिहिलेला मसुदा माझ्या मिस्टरांनी वाचायला मागितला. त्यात पर्स आणि मोबाइल चोरीला गेल्याचं ठळक होतं, जखम शेवटी एका ओळीत होती. मिस्टर शांत माणूस, पण त्या दिवशी ते हलले नाहीत. "साहेब, कोयता आधी येऊ द्या, पर्स नंतर." यात भावनेपेक्षा जास्त काही होतं. पर्स हिसकावणं हा एक गुन्हा आहे, आणि जबरी चोरी करताना हत्याराने गंभीर दुखापत करणं हा वेगळा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३११ लागलं की शिक्षा सात वर्षांच्या खाली येत नाही. शिवाय मदतीचा अर्ज करताना समोरचा माणूस एफआयआरच वाचतो. तिथे जखम दिसली नाही, तर पुढे प्रत्येक टेबलावर ती नव्याने सिद्ध करत बसावं लागतं. शेवटी जबाब नीट लिहिला गेला. एफआयआरची प्रत फिर्यादीला किंवा पीडित व्यक्तीला फुकट मिळते. ती मागून घ्या, आणि फोटो काढून घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

जखमेचं प्रमाणपत्र हा दुसरा कागद. त्यात दुखापत "साधी" की "गंभीर" हे डॉक्टर लिहितात. जुन्या कायद्यात वीस दिवस रोजचं काम करता आलं नाही तर गंभीर धरत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या न्याय संहितेत ती मुदत पंधरा दिवसांवर आली आहे. माझ्या बाबतीत दिवस मोजायची वेळच आली नाही, कारण हाताची ताकदच गेली होती.

मनगटात बोटं मिटवणारे दोर असतात, टेंडन म्हणतात त्यांना. त्यातले काही तुटले होते, आणि अंगठ्याकडच्या बोटांना संवेदना देणारा मज्जातंतूही कापला गेला होता. सर्जननी समजावताना मागाचं उदाहरण दिलं. तुटलेला धागा सांधला की लगेच माग भरधाव सोडत नाहीत, तसं हे आहे. सोलापुरात हे कुणालाही कळतं. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे मनगट वाकवून पट्टीत ठेवलं, आणि त्यातच फिजिओथेरपी सुरू झाली. टेंडन शेजारच्या भागाला चिकटून बसू नये म्हणून बोटं रोज दुसऱ्या हाताने हलवायची असतात.

मज्जातंतूचं काम संथ. तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो असं फिजिओथेरपीच्या मॅडमनी सांगितलं. दर वेळी त्या मनगटापासून तळव्याकडे बोटाने हलकेच टकटक करत जायच्या. मधेच एका जागी मुंग्या आल्यासारखं व्हायचं, तिथे त्या बॉलपेनने ठिपका काढायच्या. पुढच्या वेळी मुंग्या त्या ठिपक्याच्या पुढे यायच्या. तळव्यावर पेनाचा ठिपका पुढे सरकलेला पाहिला की मला काय वाटायचं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. पोलिसांकडून काही कळत नव्हतं, पगार बंद होता, पण तो ठिपका सरकत होता.

पगार बंद झाला हे मालकांच्या वाईटपणामुळे नाही. आमच्याकडे पगार रोख मिळतो. आलं तर पगार, नाही तर नाही. शस्त्रक्रिया सरकारी दवाखान्यात झाली तरी बाहेरून आणायची औषधं, पट्टी, रिक्षाभाडं, घरी स्वयंपाकाला मदत हे सगळं अंगावरच आलं. अक्का रोज भाकरी टाकून द्यायच्या. सासूबाईंनी मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली. त्या रात्री मला बरं वाटलं, हेही खरं.

फिजिओथेरपीला जाताना भिंतीवर एक फलक दिसायचा : मोफत विधी सेवा, १५१००. विधी सेवा म्हणजे वकील नसलेल्या आरोपींसाठी काहीतरी, असाच माझा आणि घरच्यांचा समज होता. एका संध्याकाळी मिस्टरांनी तो नंबर लावला. पलीकडच्या माणसाने सगळं ऐकून सांगितलं, जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे जा, पीडित व्यक्तीला नुकसानभरपाईची योजना आहे.

तिथे आम्हाला एक विधी स्वयंसेविका भेटली, जेमतेम पंचविशीची. मी सवयीने सुरुवात केली, "आरोपी अजून सापडले नाहीत हो मॅडम..." तिने मध्येच थांबवलं. "ताई, ते पोलिसांना विचारायचं. तुम्हाला काय झालंय ते मला सांगा."

मग तिने कलम उघडून दाखवलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९६. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच ३५७-क होतं, २००८ च्या दुरुस्तीने आलेलं आणि २००९ च्या अखेरीस लागू झालेलं. त्याचं चौथं पोटकलम सांगतं की गुन्हेगार सापडला नाही किंवा त्याची ओळख पटली नाही, पण पीडित व्यक्ती कोण हे माहीत आहे, आणि खटला उभा राहिलेला नाही, अशा वेळी पीडित व्यक्ती किंवा तिच्यावर अवलंबून असलेले लोक भरपाईसाठी थेट राज्य किंवा जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतात. पाचवं सांगतं की प्राधिकरणाने चौकशी दोन महिन्यांत पुरी करून पुरेशी भरपाई द्यायची. सहावं सांगतं की तातडीचे उपचार मोफत मिळावेत किंवा अंतरिम मदत मिळावी असा आदेश प्राधिकरण आधीच देऊ शकतं; त्यासाठी ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा किंवा दंडाधिकाऱ्याचा दाखला लागतो. म्हणजे भरपाईची वाट आणि खटल्याची वाट वेगवेगळी आहे. खटला चालून आरोपी निर्दोष सुटला, तरी पीडिताचं पुनर्वसन व्हायला हवं असं न्यायालयाला वाटलं तर ते भरपाईची शिफारस करू शकतं. हा पैसा आरोपीच्या खिशातून येत नाही, राज्याच्या निधीतून येतो. महाराष्ट्राने त्यासाठी २०१४ मध्ये योजना केली.

मी ते कलम स्वतः वाचलं, पुन्हा वाचलं. इतके दिवस माझ्या बाबतीतली प्रत्येक गोष्ट त्या दोन पोरांवर अडली होती. ते सापडले तर माझं काही होणार, नाही तर मी तशीच. ते बाकावर बसून वाचताना पहिल्यांदा वाटलं की या कायद्यात माझ्यासाठीही एक जागा आहे.

अर्ज साधा होता, जोडायची कागदपत्रं मात्र भरपूर. एफआयआर, जखमेचं प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, आधार, पासबुक, उत्पन्नाचा पुरावा, आणि दुसऱ्या कुठल्या योजनेतून याच गोष्टीसाठी पैसे घेतलेले नाहीत असं लिहून दिलेलं. उत्पन्नाच्या पुराव्यावर आम्ही अडलो. रोख पगाराची पावती नसते. मालक आधी कचरले, लेखी दिल्याने आपल्यामागे काही लागेल असं त्यांना वाटत होतं. स्वयंसेविकेने सुचवलं की पत्रात फक्त एवढंच हवं : अमुक वर्षापासून काम करते, पगार इतका, अमुक तारखेपासून जखमेमुळे येऊ शकली नाही. तसं पत्र त्यांनी लेटरहेडवर दिलं. बिडी, यंत्रमाग, शिलाई, सोलापुरातली निम्मी कामं कागदाशिवाय चालतात. त्यामुळे हे पत्र इथल्या माणसाला सगळ्यात अवघड जाणार हे मला दिसतं. लागलं त्या दिवसापासूनच ते मनात ठेवा.

आणि सही. मी हिशेबनीस, दिवसाला शंभर ठिकाणी सही करणारी. आता प्रत्येक कागदाच्या तळाशी रिकामी जागा, आणि माझा उजवा हात पेन धरू शकत नव्हता. बोटांना पेन जाणवायचंच नाही. डाव्या अंगठ्याचा ठसा दिला, शेजारी साक्षीदाराची सही. शाईचा पॅड पुढे आला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. स्वयंसेविकेने पॅड बाजूला केला, पाणी दिलं, आणि घाई केली नाही. बँकेतही तोच प्रश्न उभा राहिला, कारण खात्यावरची सही आता जुळणार नव्हती. तिथल्या अधिकारी मॅडमनी नवा नमुना घ्यायचं ठरवलं. मग मी रात्री जुन्या हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर डाव्या हाताने सही गिरवायला बसले. ती वेडीवाकडी सही आजही माझ्या खात्यावर आहे. उजवा हात सुधारला तरी ती मी बदललेली नाही.

चौकशीत प्राधिकरण पोलिसांकडून आणि रुग्णालयाकडून अहवाल मागवतं. रुग्णालयाचा लवकर आला, ठाण्याचा रेंगाळला. इथे आणखी एक गोष्ट उपयोगी पडली. याच नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे तपास कुठवर आला हे पोलिसांनी नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं आहे, मोबाइलवर कळवलं तरी चालतं. स्वयंसेविकेने सांगितल्याप्रमाणे आम्ही ठाण्यात लेखी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. उत्तर आलं, "तपास चालू आहे." एवढंच. पण त्या कागदावरून हे तर सिद्ध झालं की आरोपी सापडलेले नाहीत आणि खटला नाही, म्हणजे चौथ्या पोटकलमाची अट पुरी झाली.

प्राधिकरणाचे सचिव हे न्यायाधीश असतात. त्यांनी समोर बोलावलं तेव्हा मी घाबरून गेले होते, पण खोली साधी होती आणि प्रश्नही साधे. घरात कोण कमावतं, मुलांचं शिक्षण कुठवर आलं, हात किती उघडतो. त्यांनी हात उघडून दाखवायला सांगितला. मी दाखवला. काही दिवसांनी आदेश झाला, रक्कम थेट खात्यात आली. आकडा सांगत नाही, कारण प्रत्येकाच्या इजेप्रमाणे तो वेगळा असतो आणि माझ्या आकड्याशी कुणी आपलं दुःख ताडून बघू नये. उसनवारी फिटली आणि मुलीची फी भरली गेली. अर्ज नाकारला गेला तर राज्य प्राधिकरणाकडे अपील करता येतं, हेही तिथेच कळलं.

त्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर इतरांचं ऐकून जे समजलं ते थोडक्यात लिहिते, कारण प्रत्येकाचा मार्ग माझ्यासारखा नसतो. बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे, २ ऑक्टोबर २०१३ पासूनची, आणि तीही विधी सेवा प्राधिकरणामार्फतच चालते. या गुन्ह्यांत सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने मोफत उपचार द्यायचे आहेत, तो कायदाच आहे. ॲसिड हल्ल्यात किमान तीन लाख रुपये, त्यातले एक लाख पंधरा दिवसांत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेश आहे. अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचारात समाजकल्याण विभागाकडून वेगळी मदत मिळते, टप्प्याटप्प्याने, आणि पहिला टप्पा खटला संपायची वाट बघत नाही. मोफत वकिलासाठी बाईला उत्पन्नाची अट नाही. पुरुषांना महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांची मर्यादा आहे, पण अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार, दिव्यांग यांना तीही नाही. बाईला रात्री-बेरात्री लागलं तर १८१, मुलांसाठी १०९८, आणि तातडीला ११२.

आता मनाचं.

हाताला जखम झाली हे सगळ्यांना दिसत होतं. मला गल्लीत मागून येणारी मोटारसायकल हळू झाली की छाती बंद पडल्यासारखी व्हायची, हे कुणाला दिसत नव्हतं. सोलापुरात मोटारसायकलीचा आवाज नाही अशी जागा कुठे आहे? मी संध्याकाळी बाहेर पडणं सोडलं. मग खिडकीजवळ बसणं सोडलं. झोप लागली की कोयता नाही, फक्त तो पट्टा ओढला जातोय एवढंच स्वप्न पडायचं. मुलीने मागून येऊन गळ्यात हात टाकले आणि मी तिला ढकलून दिलं. ती रडली नाही, नुसती बघत राहिली. त्या रात्री मी १४४१६ लावला. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा, केव्हाही चालू असते, आणि मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईने मला समजावत बसण्याऐवजी खोलीत दिसणाऱ्या पाच वस्तू सांगायला लावल्या, मग कानावर पडणारे आवाज, मग हाताला लागणाऱ्या गोष्टी. पंखा, कॅलेंडर, मुलीचं दप्तर, पाण्याची कळशी, सासूबाईंची जपमाळ. श्वास जागेवर आला. फोन ठेवायच्या आधी त्यांनी सिव्हिलच्या मानसोपचार विभागात जायला सांगितलं.

तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की अशा घटनेनंतर पहिल्या काही आठवड्यांत दचकणं, झोप जाणं हे बहुतेकांना होतं आणि बऱ्याच जणांचं आपोआप ओसरतं. महिना उलटूनही ओसरत नसेल, आणि माणूस जागा, रस्ते, माणसं टाळायला लागला असेल, तर उपचार घ्यायचे. थोडे दिवस गोळ्या, आणि समुपदेशन. समुपदेशनात टाळलेल्या गोष्टींकडे पायरीपायरीने परत जायचं असतं. आधी दुपारी मिस्टरांबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत, मग अक्कांबरोबर संध्याकाळी, मग एकटीने. बंद केलेली मोटारसायकल दारात उभी करून तिच्याजवळ बसणं हीसुद्धा एक पायरी होती. मिस्टर किक मारायचे आणि मी आवाज मोठा होईपर्यंत तिथेच बसून राहायची. हे काम टेंडनच्या व्यायामाइतकंच चिकाटीचं आहे, आणि तितकंच खरं. नातेवाईक म्हणाले, "वेड्याच्या दवाखान्यात कशाला?" सासूबाईंनी त्यांना परस्पर उत्तर दिलं, "हाताला डॉक्टर चालतो, मग याला का नाही?"

भरपाईची रक्कम मिळून बरेच दिवस झाल्यावर ठाण्यातून फोन आला. दुसऱ्या एका गुन्ह्यात दोघं सापडले होते. ओळख परेड तुरुंगात झाली. नायब तहसीलदार होते, पंच होते. पोलिसांना आत थांबू देत नाहीत. साधारण एकाच वयाची, अंगाची पोरं रांगेत उभी होती. मागे बसलेल्याला मी ओळखलं, हात लावून दाखवलं. पुढे बसलेल्याबद्दल माझी खात्री नव्हती, तसं सांगितलं, आणि नायब तहसीलदारांनी तसंच लिहून घेतलं.

जामिनाच्या वेळी प्राधिकरणाने दिलेल्या वकील मॅडम सरकारी वकिलांबरोबर उभ्या राहिल्या. पीडित व्यक्तीला सरकार पक्षाच्या मदतीसाठी आपला वकील देता येतो, आणि जामिनासकट प्रत्येक टप्प्यावर तिचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलेलं आहे. मॅडमनी माझ्या हाताचे फोटो आणि फिजिओथेरपीची नोंद दाखल केली. वकील असेल तर दोषारोपपत्राची प्रतही पीडित व्यक्तीला मोफत मिळते. ती आल्यावरच आम्हाला कळलं की तपासात काय काय जमा झालं आहे.

याच सुमारास चहाच्या टपरीवर एकाने मिस्टरांना अडवून "मिटवून घ्या की ओ, पोरं गरीब आहेत" असं म्हटलं. धमकी नव्हती, पण त्याला आमची गल्ली, घर, मुलीची शाळा सगळं माहीत होतं. जबरी चोरीचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही, हे त्याला सांगून उपयोग नव्हता. वकील मॅडमनी साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करायला लावला. ही योजना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मंजूर केली आहे. जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती अर्ज पाहते, आणि धोका किती आहे याचा अहवाल पोलिसांकडून पाच कामकाजाच्या दिवसांत मागवते. आमच्या बाबतीत गल्लीत रात्रीची गस्त सुरू झाली आणि ठाण्यातल्या एका अधिकाऱ्याचा थेट नंबर मिळाला. तो माणूस पुन्हा दिसला नाही.

माझी साक्ष अजून व्हायची आहे. सरकारी वकिलांनी त्याआधी जबाब पुन्हा वाचायला बोलावलं आहे. घटनेला इतके दिवस लोटल्यावर उलटतपासणीत वेळ, उजेड, अंतर यांवर प्रश्न येतात, म्हणून गल्लीतला दिव्याचा खांब आमच्या दारापासून किती पावलांवर आहे ते मिस्टरांनी मोजून ठेवलं आहे. मी कारखान्यात परत जाते, बिलं उजव्या हाताने लिहिते. अंगठ्याजवळच्या दोन बोटांच्या टोकांना अजून नीट कळत नाही, म्हणून नोटा मोजताना मी त्या डाव्या हाताने मोजते. साक्षीच्या दिवसाची रजा मालकांनी आधीच लिहून दिली आहे, आणि अक्का सोबत येणार आहेत.